त्यांना काय ठाऊक आहे?

हा अंक आदिवासी बायका आणि जंगल-जमिनीचे कायदे या विषयावर काढला आहे. त्याची जुळवाजुळव करताना एका ज्येष्ठ सहकारी स्त्रीची आठवण वारंवार येत राहिली. त्या म्हणजे वसुधा धागमवार. फेब्रुवारी 2014 मध्ये त्या गेल्या. मी त्यांना प्रत्यक्ष कधी भेटले नाही. तरी ज्यांच्या कामाच्या आधाराने आपण उभ्या राहतो त्यांना मी सहकारीच म्हणते, आणि विदर्भातल्या आपणा सर्वजणींना तसे म्हणायचा हक्क आहे.

नव्या मैत्रिणींसाठी थोडे मागचे सांगते. आमच्या केळापूरहून पूर्वेला निघून वर्धा आणि वैनगंगा ओलांडली की देसाईगंज लागते. तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च 1972 मध्ये मजुरी करून जगणाऱ्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. हाच तो मथुरा खटला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, असा न्यायालयाचा सूर होता. सप्टेंबर 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले : उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. भीतीने गप्प राहणे आणि संमती देणे यांत फरक आहे, एवढी साधी गोष्ट त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला समजावून सांगितली. त्या पत्रातून 1980 साली गावोगावी निदर्शने उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली. 2024 पासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी ती त्यात कायम आहे.

वसुधाताईंचे नाव बहुतेकींना या पत्रामुळे माहीत असते. मला मात्र त्यांचे दुसरे काम आज जास्त जवळचे वाटते. 1985 साली त्यांनी दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली. नर्मदेवर सरदार सरोवर धरण होऊ घातले होते. मध्य प्रदेशातल्या बुडणाऱ्या गावांत ‘मार्ग’चे कार्यकर्ते गेले आणि त्यांनी लोकांना विचारले की, तुम्हाला काय ठाऊक आहे? पाणी कुठवर येणार, जमीन केव्हा जाणार, मोबदला किती, बदली जमीन कुठे, तुमचे हक्क कोणते? या पाहण्यांच्या अहवालांना नावच त्या प्रश्नाचे दिले होते. भूसंपादनाचा कायदा तेव्हा 1894 सालचा, इंग्रजांचा होता. सरकारी राजपत्रात सूचना छापली की ज्याची जमीन जाणार त्याला ती कळली, असे कागदोपत्री धरले जाई. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्या पाड्यावर राजपत्र कोण वाचणार? तो कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 पासून नवा आला. पुढच्याच महिन्यात वसुधाताई गेल्या.

‘मार्ग’ने ‘हमारे कानून’ या नावाने सोप्या भाषेतल्या पुस्तिकाही काढल्या. आदिवासींना कायद्याचा अनुभव काय येतो, यावर वसुधाताईंचा ग्रंथ 2006 साली निघाला. त्याच वर्षी संसदेने वनहक्क कायदा केला.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. केळापूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. गोंड, कोलाम, परधान समाजाची वस्ती इथे आहे. आदिवासींची जमीन वाचावी म्हणून कायद्यांची कमतरता नाही. 1974 चा कायदा आहे : 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेली जमीन मूळ मालकाला परत द्यावी. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो वैध ठरवला. 1996 चा पेसा आहे. आणि वनहक्क कायदा तर बाईचे नाव घेऊन बोलतो. विवाहितांचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे झाला पाहिजे. वनहक्क समितीत एक-तृतीयांश बाया हव्यात, ग्रामसभेच्या गणपूर्तीतही एक-तृतीयांश बाया हव्यात. कोलामांसारख्या आदिम जमातींना त्यांच्या साऱ्या अधिवासावर हक्क मागता येतो.

हे कुणाला ठाऊक आहे? मागे एका कोलाम पोडावर आमचे शिबिर होते. पट्टा कुणाच्या नावावर आहे, असे विचारले तर सगळ्यांनी नवऱ्याचे नाव सांगितले. एक विधवा बाई घरी गेली आणि पेटीतला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद घेऊन आली. त्यावर नवऱ्याच्या शेजारी तिचेही नाव होते. नवरा वारल्यापासून ती त्याच जमिनीवर दिराची मजूर म्हणून निंदण-खुरपण करत होती. ‘माझं नाव हाय?’ असे तिने तीनदा विचारले. त्यानंतर तिने अर्ज केला. तो अजून कचेरीत पडून आहे.

मैत्रिणींनो, यात दीर वाईट होता एवढेच म्हणून भागणार नाही. पट्टा देताना कुणीतरी तिला तिचे नाव वाचून दाखवायला हवे होते. ते काम अधिकाऱ्याने केले नाही, समितीने केले नाही, आणि संघटना वेळेवर पोचली नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता आणि दोन आठवड्यांतच त्याला स्थगितीही दिली. तेव्हा किती पोडांवर बायांना ठाऊक होते की दावा फेटाळल्याचे लेखी कारण मागता येते आणि त्यावर अपीलही करता येते?

चांगला कायदा मिळवायला मोर्चे लागतात, तुरुंग लागतो, वर्षे जातात. मिळालेला कायदा जिच्यासाठी आहे तिच्या कानावर घालायला संध्याकाळी चुलीपाशी बसायची तयारी लागते. मोर्चाचे फोटो येतात, या बसण्याचे येत नाहीत. म्हणून हे काम मागे पडते. वसुधाताईंनी ते मागे पडू दिले नाही. न्यायपीठाला पत्र लिहिणारा त्यांचा हात पुस्तिकाही लिहीत होता.

म्हणून या अंकाच्या मधल्या चार पानांवर वनहक्क कायद्यातल्या बाईच्या हक्कांची माहिती मोठ्या अक्षरांत दिली आहे. ती पाने काढून घ्या. पुढच्या ग्रामसभेआधी निदान पाच बायांना वाचून दाखवा, आणि त्यांच्या घरातला पट्टा बाहेर काढून त्यावरची नावे मोठ्याने वाचा. काय आढळले ते आम्हाला कळवा. पुढचा अंक तुमच्या पत्रांवर काढायचा आहे.