आधी भांडे, मग केक

ह्या पानावर आपण बहुधा भात, काजू, माड आणि गुरे ह्यांविषयी वाचता. ह्या खेपेस आम्ही स्वयंपाकघरात शिरतो आहोत. शेतात जे पिकते ते अखेर भांड्यातूनच पोटात जाते. भांडे वाईट असले तर चांगल्या पिकाचीही माती होते.

पेडणे महालातल्या कितीतरी घरांतून गेल्या काही वर्षांत तांब्याची भांडी आणि बिडाचे तवे मोडीत गेले. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे पातळ टोप आणि काळ्या लेपाचे तवे आले. दुसरीकडे वाढदिवस असो, पहिला ख्रिस्तप्रसाद असो की नाताळ असो, बेकरीतला क्रीमचा मोठा केक आणल्यावाचून आता चालत नाही. आमचे मत असे की, हे नेमके उलट व्हायला हवे. पैसा एकदाच चांगल्या भांड्यावर खर्चावा, आणि केक घरी करावा.

भांड्यांचा विचार आधी करू. आपले जेवण आंबट. हुमणाला आमसोल, सोलकढीला आमसोल, मांसाला माडाचे विनेगर. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजला किंवा राहिला की धातू थोडा थोडा त्यात उतरतो. बिनकल्हईच्या तांब्यापितळेचे तर त्याहून वाईट. त्यात ठेवलेले आंबट पोटात गेल्यास ओकारी होते. म्हणूनच आपले पूर्वज कल्हईवाल्याची वाट पाहत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही आंबट पदार्थ अशा भांड्यांत साठवू नयेत असे सांगितले आहे, आणि मातीच्या भांड्याला सर्वांत सुरक्षित म्हटले आहे.

म्हणजे आपल्या आजीचे कुंडले काही अडाणीपणाचे नव्हते. कालची कढी दुसऱ्या दिवशी कुंडल्यातच आटवावी, हा शहाणपणाच होता. डिचोलीकडच्या कुंभारांची मडकी प्रसिद्ध आहेत, आणि मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीची भांडी अजून मिळतात. घेताना चकचकीत रंगाचा लेप दिलेले घेऊ नये, साधे घ्यावे. आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, मग त्यात मंद आचेवर भाताची पेज उकळावी. असे केले की ते सहसा तडकत नाही.

दुसरे भांडे बिडाचे किंवा लोखंडाचे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. लोखंडी कढईत शिजवलेल्या भाजीत थोडे लोह उतरते, ते शरीराला उपयोगी पडते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र ह्यामुळे बंद करू नयेत. लोखंडाच्या भांड्यात पदार्थ शिजवावा आणि लगेच दुसऱ्यात काढावा, त्यातच ठेवू नये. तवा घासून पुसावा आणि तेलाचे बोट फिरवावे. असा तवा नातवंडांनाही पुरतो.

काळ्या लेपाचा तवा घरात असेल तर तो टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पण तो रिकामा आचेवर ठेवू नये, लाकडी कालथा वापरावा, आणि लेप उडाला की त्याला रजा द्यावी. रोजच्या कामाला जाड बुडाचे स्टीलचे भांडे उत्तम.

आता केक. आपल्याकडे केक करणे नवे नव्हे. रवा आणि नारळ घालून बाथ करताना भट्टी नसेल तर टोपाखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवीत. चॉकलेटचा केकही तसाच साधा आहे, आणि त्याला अंडी व लोणी लागतातच असे नाही.

दीड कप मैदा, तीन मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर, पाऊण कप साखर, एक लहान चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळावे. त्यात पाच मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा माडाचे विनेगर आणि एक कप पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. सोडा आणि विनेगर एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ फुगते. म्हणून मिश्रण ताटकळत ठेवू नये. स्टीलच्या डब्याला तेल लावून त्यात ओतावे. जाड बिडाच्या कढईत वाळूचा थर देऊन वर तिवई ठेवावी, दहा मिनिटे तापवावे, मग डबा ठेवून झाकावे. मंद आचेवर पाऊण तास लागतो. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आर्थिक साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघाले: प्रौढांत 26.4 टक्के. सबंध देशाचे प्रमाण 11.4 होते. म्हणजे आपल्या दर चार मोठ्या माणसांत एकाहून अधिक. अशा गोव्यात दर आठवड्याला केक कापणे हे प्रेम नव्हे. साखरेऐवजी माडाचा गूळ घातला तर चव येईल, पण मधुमेह्याला तोही साखरेसारखाच. घरी केक करण्याचा मोठा लाभ हाच, की साखर किती घालायची ते आपल्या हाती राहते. केक सणाला करावा, लहान करावा, आणि सगळ्यांनी मिळून एकेक तुकडा खावा.

शेतकरी बंधूंसाठी दोन शब्द. कोको हे परके झाड म्हणून नाक मुरडू नये. काजू आणि मिरचीही अमेरिकेतूनच आपल्याकडे आल्या. कोको माडापोफळींच्या सावलीत वाढतो. मंगळूरला 1973 साली स्थापन झालेली कॅम्पको ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था तो विकत घेते, आणि 1986 पासून पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखाना चालतो. मात्र बिया पाचसहा दिवस आंबवून मग वाळवाव्या लागतात, आणि माकडे व खारी फळे फस्त करतात. गिऱ्हाईक आधी ठरवावे, झाडे मग लावावीत.

शेवटी, हे सारे काम घरच्या बाईच्याच माथी मारू नये. कुंडले विकत आणणे, तवा घासणे, कढईखालची आच सांभाळणे पुरुषांना आणि मुलांना सहज जमते. येत्या शुक्रवारी मापशाला जाल तेव्हा एक साधे कुंडले आणि एक बिडाचा तवा घेऊन या. एका मोठ्या केकच्या पैशांत बहुधा दोन्ही येतील, आणि केक दोन दिवसांत संपला तरी ही भांडी घरात राहतील.