तारा मागूनही दिसू दे



आगमनकाळाचे रविवार सुरू झाले की आपल्या गल्ल्यांतून सायकली सजायला लागतात. हँडलला पुठ्ठ्याचा तारा, मधल्या दांडीला क्रेप कागद, चाकात रंगीत जिलेटीन, कॅरियरला फुगे. "अंकल, कसं दिसायलंय?" असं एखादं पोर विचारतं आणि आपण "झकास!" म्हणून पुढं जातो. यंदा तसं पुढं जाऊ नका. दिवस मावळू द्या, सायकलीच्या मागं पन्नास पावलांवर जाऊन उभे राहा, आणि मग सांगा कसं दिसतंय ते.

काही वडीलधाऱ्यांना ही सजावट म्हणजे नवं खूळ वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. आपल्या सीमाभागात राबणाऱ्याला सजवायची रीत जुनीच आहे. खंडेनवमीला शेजारच्या घरी सायकलीला झेंडूची माळ चढते, बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग लागतो. पण बेंदराचा क्रम आठवून बघा. आदल्या दिवशी खांदेमळणी, मग आंघोळ, पोटभर चारा, आणि सगळ्यात शेवटी झूल. सायकलीचंही तसंच हवं. आधी ब्रेकचे रबर, चेनला तेल, घंटी आणि दिवा. मग तारा.

एवढं सांगायचं कारण आपले रस्ते. नाताळ येतो तो ऐन ऊस हंगामात. निपाणी-चिकोडी घ्या, संकेश्वरची बाजू घ्या, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्रभर चालू असतात. कित्येकांना मागं लाल दिवा नसतो, असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांआड झाकून गेलेला. डिसेंबरात सव्वासहानंतर अंधार पडायला लागतो. त्याच वेळी आपली पोरं कॅरोल गात घरोघर फिरतात. 24 तारखेला मध्यरात्रीची मिस्सा, 31 ला वर्षअखेरची उपासना. बेळगावात तर त्या रात्री कॅम्पात 'ओल्ड मॅन' जाळायची आपली ठरलेली गर्दी, आणि भरधाव मोटारसायकली वेगळ्याच. दोष सायकलवाल्याचा नाही, कबूल. ट्रॉलीला दिवा नसणं हा ट्रॉलीवाल्याचाच गुन्हा, आणि त्यावर पोलिसांनी कारवाई केलीच पाहिजे. पण त्याची वाट बघत पोरांना अंधारात सोडता येत नाही.

चमकी, बेगड, जिलेटीन उजेडात छान दिसतं. पण त्यावर पडलेला प्रकाश इकडं तिकडं फाकतो. रिफ्लेक्टरचं तसं नाही. तो प्रकाश जिकडून आला तिकडंच परत पाठवतो, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडं. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 16-17 मीटर पुढं येते. सायकल दोन सेकंद आधी दिसली तर चालकाला तीसेक मीटर जास्त मिळतात. तेवढ्यात जीव वाचतो.

म्हणून सजावटीचा नियम साधा ठेवू या. पुढं पांढरा, मागं लाल, दोन्ही पायडलांना पिवळा रिफ्लेक्टर. पायडलाचे वर-खाली होत राहतात, त्यामुळं पुढं सायकल आहे हे लांबूनच कळतं. मागच्या रिफ्लेक्टरवर फुगा किंवा तारा येऊ देऊ नका. झिरमिळ्या चेनपासून आणि ब्रेकच्या तारेपासून लांब बांधा. सेलवरची लाइटिंग दांडीला चालेल, चाकात नको. अजून डायनॅमो असेल तर सायकल थांबली की दिवाही विझतो, हे ध्यानात ठेवा. तेव्हा मागचा लाल रिफ्लेक्टरच उपयोगी पडतो. आणि हमरस्त्यावर चढू नका, सर्व्हिस रोड धरा, डबलसीट तर नकोच.

कर्नाटक सरकारने 2006-07 पासून आठवीच्या मुलांना सायकली वाटल्या. पोरं मोठी झाली आणि त्यातल्या बऱ्याच सायकली परड्यात गंज खात पडल्या आहेत. नाताळच्या झाडलोटीत त्या बाहेर काढा. दुरुस्त करून गरज असलेल्या पोराला द्या. नव्या कपड्यांपेक्षा ती भेट जास्त दिवस चालेल.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक मंडळीच्या तरुण संघाने नाताळाआधीचा एक रविवार ठरवावा. उपासना झाली की चर्चच्या आवारातच सायकली तपासाव्यात, लाल पट्ट्या चिकटवाव्यात. आपल्याच नव्हे, शेजाऱ्यांच्याही. वखारीतून अंधार पडल्यावर घरी जाणाऱ्यांच्याही. आणि उरलेल्या पट्ट्या घेऊन ऊसतोड मजुरांच्या कोप्यांकडं जावं. ही माणसं बीडकडून, मराठवाड्यातून घरदार सोडून येतात. आपण घरात करंज्या तळतो तेव्हा ती उघड्यावर थंडीत असतात. त्यांच्या गाडीच्या मागं दोन पट्ट्या लावा, सोबत फराळाची पुडी द्या, चार शब्द बोला. त्या पट्ट्यांनी गाडीवानही वाचेल आणि त्याच्या मागून येणारं आपलं पोरही.

बेथलेहेमचा तारा कुणाच्या दाराची शोभा म्हणून उगवला नव्हता. लांबून चालत येणाऱ्या मागी लोकांना वाट दिसावी म्हणून तो होता. आपल्या सायकलीवरचा तारा पुढून देखणा असू दे, पण मागून येणाऱ्या अनोळखी माणसालाही तो दिसू दे.

सर्वांना नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. सगळे सुखरूप घरी पोचा.