माडी आधी, कठडा मागाहून?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादकांनी सुचविले, तेव्हा लसीकरण किंवा बालकांचा आहार यांपैकी एखादा विषय त्यांच्या मनात असावा. मी मात्र घरावर चढविल्या जाणाऱ्या माडीविषयी आणि तिच्या अंदाजपत्रकाविषयी लिहिणार आहे. बालरोगतज्ज्ञाला गवंडीकामातले काय कळते, हा प्रश्न रास्त आहे. मलाही ते फार उशिरा कळले.

आमच्या जोयडा तालुक्यात रामनगर, जगलबेट, जोयडा, कुंभारवाडा, कोठेही जा, नव्या घरांच्या स्लॅबवर गंजलेल्या सळ्या आकाशाकडे पाहत उभ्या दिसतात. पुढेमागे माडी घ्यायची म्हणून त्या राखलेल्या असतात. मुलगा पुण्याहून किंवा गोव्याहून परत येईल, मुलीचे माहेरपण ऐसपैस होईल, नाहीतर दांडेली-गणेशगुडीला येणाऱ्या पर्यटकांसाठी दोन खोल्या काढता येतील, अशी ती आशा असते. (या सळ्यांना निदान सिमेंटचा पातळ लेप तरी देऊन ठेवावा. आपल्याकडचे चार पावसाळे त्यांची साल सोलून काढतात आणि मग माडीच्या खांबांना जोड मिळतो तो अर्ध्या ताकदीच्या लोखंडाचा.)

आमचे घर रामनगरचे. काळी नदीवर सुप्याचे १०१ मीटर उंचीचे धरण झाले आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तेथून उठलेल्या अनेक कुटुंबांप्रमाणे आमचे कुटुंबही येथे आले. वडिलांनी चिऱ्याच्या भिंतींचे, चार खोल्यांचे घर उभे केले आणि पुढे त्यावर स्लॅब टाकला. एकदा घर सोडून आलेल्या माणसाला आपले घर वाढताना पाहण्याची जी ओढ असते, ती मी त्यांच्या डोळ्यांत पाहिली आहे. मी वैद्यकीच्या निमित्ताने बेळगावात स्थिरावलो. धाकटा भाऊ घरी राहिला. २०१६ साली माडी बांधायचे ठरले. पैशांतला निम्मा वाटा माझा होता आणि अंदाजपत्रक तपासण्याचे कामही माझ्याकडे आले. घरात शिकलेला मी, म्हणून!

अभियंत्याने प्रथम पायालगत खड्डा खणून पाहिला. हे त्याने फार चांगले केले. कित्येक घरी पाया न पाहताच माडी चढते. जुना पाया एका मजल्यापुरताच होता, म्हणून चिऱ्याच्या भिंतींवर भार न देता बाहेरून स्वतंत्र खांब उभे करावे लागतील, असे त्याने सांगितले. ६५० चौरस फुटांच्या माडीचा अंदाज तेरा लाख रुपये निघाला. पाया व खांब, स्लॅब, भिंती, गिलावा, दारे-खिडक्या, फरशी, वीज, नळ, रंग असा क्रम होता आणि सर्वांत शेवटची ओळ होती, ‘जिन्याचे व गच्चीचे रेलिंग, ५२ हजार’. एकूण खर्चाच्या चार टक्के. मी ते पान दोनदा वाचले आणि त्या ओळीच्या जागेबद्दल मला काहीही वाटले नाही.

पुढची कथा बांधकाम केलेल्या कोणालाही सांगावी लागणार नाही. दिवाळी संपताच काम सुरू केले आणि आठच दिवसांत, ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, नोटाबंदी जाहीर झाली. मजुरीला रोकड नाही म्हणून सेंट्रिंगवाले महिनाभर आलेच नाहीत. मिरगाच्या आत स्लॅब पडला, पण गिलावा पावसात अडकला. फरशी ठरल्यापेक्षा भारी घेतली गेली. स्लॅब गळू नये म्हणून वर पत्र्याचे छप्पर हवेच, हे आपल्या तालुक्यात कोणालाही ठाऊक असते, तरी ते अंदाजपत्रकात धरलेच नव्हते. २०१७ च्या गणेश चतुर्थीला गणपती माडीवर बसविला, तोवर साडेपंधरा लाख खर्च झाले होते. भाऊ म्हणाला, “दादा, रेलिंग दिवाळीनंतर करू.” मी म्हणालो, “बरं.” एवढाच आमचा संवाद. रंगाचा दुसरा हात मात्र कोणी पुढे ढकलला नाही, कारण घर पाहायला पाहुणे येणार होते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये भावाची तीन वर्षांची मुलगी जिन्याच्या वळणावरून खाली पडली. उंची सुमारे सहा फूट. खाली उरलेले चिरे रचून ठेवले होते. फोन आला तेव्हा मी माझ्या दवाखान्यात दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला तपासत होतो. खानापूरमार्गे तिला बेळगावला आणून सीटी स्कॅन होईपर्यंत अडीच तास गेले. डावीकडे कानामागे कवटीला भेग, थोडा एक्स्ट्राड्यूरल रक्तस्राव. शस्त्रक्रिया टळली, चार दिवस अतिदक्षता विभागात काढले. आता ती सहावीत आहे, हुशार आहे, वर्गात पहिल्या बाकावर बसते. पहिल्या बाकावर बसते, कारण डाव्या कानाने तिला फारसे ऐकू येत नाही.

लहान मूल डोक्याकडूनच का पडते, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. या वयात शरीराच्या मानाने डोके मोठे आणि जड असते, गुरुत्वमध्य वर असतो, वाकून पाहिले की तोल पुढे जातो. ते ज्ञान माझ्याजवळ होते आणि अंदाजपत्रकही माझ्याजवळच होते. दोन्ही कागद एकत्र ठेवून पाहण्याचे मला सुचले नाही. दोष कंत्राटदाराचा नाही, भावाचा तर मुळीच नाही.

या विषयावर बोलू लागलो की ज्येष्ठ मंडळी हमखास म्हणतात, “आमच्या वाड्यात कुठे होते रेलिंग? आम्ही नाही वाढलो?” वाड्यातील जिना आठवून पाहावा. तो दोन भिंतींच्या मध्ये, अरुंद आणि अंधारा असे. बाजूला पडायला जागाच नसे. वर पोहोचल्यावर बहुधा एक झडप असे, ती रात्री आणि मुले माडीवर असताना लावून घेत. जुन्या गवंड्यांनी कठड्याची सोय जिन्याच्या रचनेतच केली होती. आपण जिना भिंतींतून बाहेर काढला, उघड्यावर टांगला आणि कठडा मात्र वेगळ्या बिलावर ठेवला. शिवाय जे वाढले तेच आज बोलायला आहेत. जे पडले, त्यांची नावे घरात कोणी सहसा काढत नाही.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने १९७२ साली ब्राँक्स भागात ‘मुलांना उडता येत नाही’ अशा अर्थाच्या नावाची एक मोहीम सुरू केली होती. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन पालकांशी संवाद साधला आणि गरीब वस्त्यांतील लहान मुलांच्या घरी खिडक्यांना मोफत जाळ्या दिल्या. १९७३ ते १९७५ या काळात त्या भागात खिडकीतून पडण्याच्या घटना निम्म्याने घटल्या. १९७६ साली तेथे नियम झाला, की दहा वर्षांपर्यंतचे मूल राहत असेल तेथे घरमालकाने खिडकीला जाळी बसविलीच पाहिजे. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही; आरोग्य खात्याने लोखंडी जाळी वाटली. हे काम अभियंत्यांचे नसून आपलेही आहे, असे मी म्हणतो ते या आधारावर.

तेव्हा ज्यांच्या मनात माडी आहे, त्यांनी अंदाजपत्रक हाती आले की शेवटची ओळ वर घ्यावी. स्लॅब आणि त्याचा कठडा हे एकच काम धरावे, एकाच रकमेत लिहावे, आणि कठडा उभा राहिल्याशिवाय स्लॅबचा हप्ता पूर्ण देऊ नये. पैसे कमी पडणारच आहेत; ते फरशीला, रंगाला, कपाटांना कमी पडू द्यावेत. कठडा किमान एक मीटर उंच असावा, आणि त्यातील गज उभे असावेत, आडवे नकोत. आडवे गज दिसायला सुबक, पण मुलाच्या दृष्टीने ती शिडी असते. दोन गजांतील अंतर चार इंचांहून कमी ठेवावे. त्याहून मोठ्या फटीतून मुलाचे अंग निसटते आणि डोके अडकते. ते दृश्य मी पाहिले आहे, वर्णन करीत नाही. गच्चीच्या कठड्याशी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवू नये. आणि काम चालू असतानाचे काय? आपल्या तालुक्यात बांबूला तोटा नाही. चार बांबू आणि सुतळी यांचा तात्पुरता कठडा गवंडी अर्ध्या दिवसात बांधून देतो, मात्र त्याला सांगावे लागते. बांधकामाच्या पाण्याचा हौदही फळ्यांनी झाकून घ्यावा. पाण्यात बुडण्यासाठी दोन वर्षांच्या मुलाला खोली लागत नाही.

सहव्यवसायी बंधु-भगिनींना एक विनंती आहे. गोवरची लस द्यायला नवव्या महिन्यात मूल आपल्याकडे येते, तेव्हा ते रांगू लागलेले असते. वजन आणि उंची आपण लिहितोच. त्याच कागदावर एक ओळ वाढवावी: घराला जिना आहे का, बांधकाम चालू आहे का, कठडा आहे का? गेली सात वर्षे मी हा प्रश्न विचारतो आहे. सुरुवातीला पालक गोंधळतात, एक-दोघे हसलेही. पण पुढच्या खेपेला काही जण आपणहून सांगतात, “डॉक्टर, बांबू बांधले.” एका आजोबांनी मोबाइलवर फोटोच काढून आणला होता. कठडा जरा बुटका होता. तेही त्यांना सांगितले.

हा मजकूर मराठी, कन्नड आणि कोंकणी अशा तीन भाषांत एका पानावर छापून संस्थेतर्फे तालुक्यातील ग्रामपंचायतींना द्यावा, असे मी येत्या वार्षिक सभेत सुचविणार आहे. घराच्या परवानगीसाठी माणूस पंचायतीच्या खिडकीशी उभा राहतो, तेव्हा ते पान त्याच्या हाती पडले पाहिजे. मराठी मसुदा तयार आहे. कन्नड आणि कोंकणीसाठी कोणी पुढे आले तर बरे होईल. छपाईचा खर्च माझ्याकडे.