इंदापूरला मुक्काम हवा

भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पाहायला येणारे बरेच पुणेकर पहाटे निघतात आणि दुपार कलायच्या आत परततात. कुंभारगावच्या काठावरून होडी, फोटो, मासळीचे जेवण, की सहल झाली. हा बेत मुळातच तोकडा आहे. इंदापूर तालुक्याची सुटी आखायची तर निदान दोन रात्रींची आखावी आणि त्यातली एक विड्याच्या पानांचे मळे असलेल्या निमगाव केतकीला काढावी. उजनी धरणाचे पाणी ओसरून काठचा चिखल उघडा पडला की रोहितांना चारा मिळतो.  पक्ष्यांप्रमाणे पानमळ्यालाही वेळ द्यावा लागतो. चपला बाहेर काढून आत शिरायचे, हा तिथला जुना रिवाज. आत शेवगा-शेवरीच्या आधाराने चढलेल्या वेली, देठासकट खुडलेली पाने, कळी आणि फापडा अशी पाने झरझर वेगळी करणारे हात. वाढलेला वेल उतरवून, वेटोळे करून पुन्हा मातीत गाडतात, तेव्हा तो नव्याने फुटतो. कमी पावसाच्या मुलखात वेलींना लागणारा ओलावा कसा राखतात, हे मळेकऱ्याजवळ निवांत बसल्यावरच कळते.

मुक्कामाचा पैसाही गावातच राहतो. फ्रान्समध्ये 1955 साली ‘झीत द फ्रान्स’ ही संघटना उभी राहिली आणि ओस पडू लागलेल्या खेड्यांतली घरे पाहुण्यांसाठी उघडली. आपल्याकडे पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ पळशीवाडीला कृषी पर्यटनाचा पाया घातला, राज्याने 2020 मध्ये त्याचे धोरणही केले. तरी लोक विचारतात, निमगाव केतकीसारख्या उन्हाच्या गावात राहायचे कसे? उन्हाची तक्रार खरी आहे. म्हणून बेत मार्गशीर्ष ते माघ एवढाच धरावा. पाहुणचार गावाला जमेल का, ही शंका मात्र मला पटत नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी निमगाव केतकीला मुक्कामी असते आणि गाव वारकऱ्यांना जेवू-खाऊ घालते. अर्थात ती सेवा आहे. तिच्या भरवशावर पर्यटन चालणार नाही. त्याला स्वच्छ शौचालय, आंघोळीचे पाणी आणि आधी ठरवलेला दर लागतो. एवढी सोय दोन-चार घरांनी केली आणि शहरातल्या कुटुंबांनी पैशाची घासाघीस न करता आधी फोन करून खोली धरली, तर येत्या हंगामातच सुरुवात होऊ शकते.