कॅव्हेट आले म्हणून चूल विझवू नका



खताची मात्रा आणि बीजप्रक्रिया हा माझा प्रांत; कोर्टकचेरी नव्हे. पण शिवारात कपाशीचे पान दाखवता दाखवता कुणीतरी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढतो आणि म्हणतो, "साहेब, एवढे वाचून सांगा." त्यावर एखादा शब्द असा असतो, की तो मराठी नाही आणि धड इंग्रजीही नाही. तो असतो लॅटिन, जुन्या रोमन लोकांच्या भाषेतला. इंग्रजांच्या कोर्टांनी तो जपला, त्यांच्याबरोबर तो इकडे आला आणि तालुक्याच्या कोर्टात कायमचा मुक्कामाला राहिला.

सर्वांत घाबरवणारा शब्द 'कॅव्हेट'. टपालाने त्याची नोटीस आली की घरात चूल पेटत नाही. भाऊबंदाने दावा लावला, जमीन अडकली, असेच सर्वांना वाटते. शब्दाचा अर्थ एवढाच, की 'त्याने सावध राहावे'. इथे सावध राहायचे ते कोर्टाने. शेजारी कोर्टाला सांगतो, "बांधावरून हा माणूस माझ्याविरुद्ध मनाई हुकूम मागेल असे मला वाटते. मला कळवल्याशिवाय, माझे ऐकल्याशिवाय तो देऊ नका." बस्स. त्याने दावा लावलेला नाही. उलट तुम्ही लावाल अशी त्याला धास्ती आहे! कॅव्हेटने मालकी ठरत नाही, सातबारा बदलत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत ही सोय १९७६ च्या दुरुस्तीने आली. मुदत ९० दिवस. पुढे हवे तर पुन्हा दाखल करावे लागते. तुम्हाला तशी धास्ती असेल तर तुम्हीही दाखल करू शकता.

खरे घाबरावे असा शब्द वेगळाच आहे. 'एक्स पार्टे', म्हणजे 'एका बाजूकडून'. आपण त्याला एकतर्फी म्हणतो. समन्स घेतलेच नाही तर दावा पुढे सरकत नाही, अशी समजूत गावोगाव घट्ट बसली आहे. बेलीफ दिसला की माणूस मागच्या दाराने मळ्यात! अहो, समन्स नाकारले तर बेलीफ ते दारावर चिकटवून जातो आणि ते बजावले गेले असे कोर्ट धरू शकते. मग तारखेला तुम्ही नाही, तुमचा वकील नाही. समोरच्याचे ऐकून हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायला ३० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचे पुरेसे कारण द्यावे लागते. समन्स खरोखरच बजावले गेले नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

कॅव्हेटचा एक भाऊ आमच्या खात्याच्या अंगणातही येतो. 'कॅव्हेट एम्प्टर', म्हणजे 'घेणाऱ्याने सावध राहावे'. बैलबाजाराची रीत हीच. दात पाहा, खूर पाहा, मग तक्रार नको. पण बियाण्याचे दात कुठे पाहणार? पेरल्याशिवाय त्याची उगवण कळत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानेही या नियमाला अपवाद ठेवले आहेत. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिला. तेव्हा पक्की पावती, रिकामी पिशवी, तिचे लेबल आणि मूठभर बियाणे पीक घरात येईपर्यंत जपा. उगवण फसली तर रान मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

पुढच्या वेळी हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल.