ठाण्यावरची पहिली अरब स्वारी

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथें संपे आणि खाडीपलीकडे साष्टी लागे. त्याच साष्टींतील ठाणें बंदरावर इ. स. ६३६ च्या सुमारास अरबांनीं फौज धाडली, असें नवव्या शतकांतील अरबी इतिहासकार बलाजुरी लिहितो. पैगंबर निवर्तून तेव्हां चारच वर्षें झालीं होतीं. इस्लामच्या आरंभींच्या युद्धांविषयीं आमच्या सुशिक्षित घरांत दोन मतें बिनतक्रार चालतात. या एका स्वारीपुढें दोन्ही टिकत नाहींत.

पहिलें मत असें, कीं हीं युद्धें केवळ बचावाचीं होतीं. उहुद (६२५) व खंदक (६२७) या प्रसंगीं मक्केची फौज मदीनेवर चालून आली, हें आम्हांस मान्य आहे. बद्रची लढाई (६२४) मात्र मक्केच्या व्यापारी काफिल्याच्या पाठलागांतून जुंपली. आणि ठाणेंकरांनीं मदीनेचें असें काय घोडें मारलें होतें? बहरीन-उमानच्या सुभेदारानें परस्पर फौज पाठविली. खलीफा उमर त्यावर संतापले खरे. पण निरपराध बंदरावर शस्त्र उचललें म्हणून नव्हे, आपलीं माणसें समुद्राच्या स्वाधीन केलीं म्हणून!

दुसरें मत याच्या अगदीं उलट: जी जी तलवार उपसली गेली ती धर्माज्ञेनेंच. तर मग धर्मसत्तेचा प्रमुखच या स्वारीवर रागावला कां? जे लढतील त्यांच्याशींच लढावें, मर्यादा ओलांडूं नये, असें कुराणांत (२:१९०) आहे. जिझिया देईपर्यंत लढावें, असेंही (९:२९) आहे. राज्य पसरत गेलें तसें पुष्कळ शास्त्रकारांनीं दुसऱ्यानें पहिलें रद्द ठरविलें. आमचा खरा आक्षेप येथें आहे. जेत्यांची सोय शाश्वत धर्म होऊन बसली आणि तिची चिकित्सा करणें पाप ठरलें.

१९४७ नंतर पंजाबांतून उखडून आलेलीं कुटुंबें ज्या शीव कोळीवाड्यांत वसलीं, तेथें हा वाद ग्रंथालयापुरता राहत नाहीं. सातव्या शतकाचा जाब आजच्या शेजाऱ्यास विचारण्याचा मोह होतो. हमीद दलवाई यांनीं १९७० सालीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापून घरांतूनच चिकित्सा मांडली, तिला आम्हीं टाळ्या दिल्या. त्याच कसोटीवर नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या घासून पाहा म्हटलें, कीं त्या टाळ्या थांबतात. १७४२ पासूनच्या त्या लुटीस आम्ही ‘मोहीम’ म्हणतों. बंगालच्या अंगाईगीतांत मात्र मुलांना धाक घालावयास बर्गी येतात, आणि ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर.