‘मारल्याशिवाय चालत नाही’ असं कोण म्हणतं?

“ओ ताई, मारल्याशिवाय चालत नाही ते!”

हे वाक्य मी बोर्डीच्या किनाऱ्यावर ऐकलं. डिसेंबरची दुपार उतरत होती. ओहोटीला इथला समुद्र इतका आत जातो की ओली वाळू संपता संपत नाही. सुरूच्या बनापाशी पर्यटकांच्या गाड्या, चिकूचे वाटे, शहाळी, आणि फेरी मारायला उभ्या असलेल्या दोन घोड्या. त्यातल्या एकीचं शिंगरू, वर्ष-दीड वर्षाचं असेल, त्या दिवशी ‘शिकत’ होतं. एक माणूस पुढून दोर ओढत होता, दुसरा मागून सुरूच्या ओल्या फांदीनं पुठ्ठ्यावर मारत होता. शिंगरानं चारही पाय रोवलेले, मान ताणलेली, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. आम्ही दहा-पंधरा जण गोल करून उभे, निम्म्यांच्या हातात फोन. एक बाई म्हणाल्या, “सोडा ना हो त्याला.” त्यावर हे उत्तर आलं. त्यात राग नव्हता. सूर्य पश्चिमेला मावळतो हे सांगावं, तसं सांगितलं.

माझ्याही फोनमध्ये तो व्हिडिओ आहे, 19 सेकंदांचा. त्यात कुणीतरी हसतंय. ते हसणं माझं नाही, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकतो.

हा लेख त्या दोन माणसांच्या विरोधात नाही. त्या वाक्याच्या विरोधात आहे. कारण ते वाक्य खोटं आहे, आणि डहाणू-तलासरीच्या मातीत तर ते बोलायला जास्तच लाज वाटायला हवी.

आधी घोड्याचं बघू. घोडा हा भक्ष्य होणारा प्राणी. लाखो वर्षं तो एकाच गोष्टीवर जगला: संशय आला की पळ. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते दोनच ठिकाणचं: अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. आता किनाऱ्यावरचं चित्र पुन्हा आठवा. एक माणूस नाकासमोर, एक शेपटीमागे. म्हणजे जिथलं त्याला नीट दिसत नाही, नेमक्या त्याच दोन जागा आपण निवडल्या. एकीकडून ओढलं, दुसरीकडून मारलं, आणि वर म्हणालो, अडेल आहे.

दुसरी गोष्ट. न शिकवलेल्या शिंगराची मान पुढं ओढली की ते मागं रेटतं. हा हट्ट नव्हे, अंगाची उपजत प्रतिक्रिया आहे. बसमध्ये कुणी तुमचा दंड धरून खेचला तर तुम्हीही आधी मागंच ओढाल, विचार नंतर कराल. जितकं जोरात ओढू तितकं ते मागं जातं. त्यातच दोर सुटला किंवा पाय घसरला तर मागच्या मागं पडून डोक्याला, मानेला कायमची इजा होऊ शकते. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची हाडं पुरती पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. दीड वर्षाचं शिंगरू कितीही उंच दिसलं तरी ते पोरच असतं.

मग त्याला शिकवायचं कसं? यात गूढ काही नाही. चांगला मोतद्दार हे करत आलाय आणि जगभरचे शहाणे घोडेवाले हेच सांगतात. आधी हात लावू द्यायची सवय. मान, खांदा, आयाळीखालची जागा खाजवायची. शिंगरांना ते फार आवडतं. मग मऊ, रुंद पट्ट्याची म्होरकी. मग दोर. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घोडा उधळला तर बोटं जातात. आपण उभं राहायचं ते खांद्याशी, जिथून आपण त्याला दिसतो. दोरावर अगदी हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. नाहीच हललं, तर तोंड किंचित एका बाजूला वळवायचं. तोल सांभाळायला त्याला एक पाय उचलावाच लागतो.

आणि तो पाय उचलला, त्याच क्षणी दोर सैल.

सगळी विद्या या सैल सोडण्यात आहे. घोडा ताणानं शिकत नाही, ताण सुटल्यानं शिकतो. ‘मी पाऊल टाकलं आणि त्रास थांबला’ हे त्याला समजलं की पुढचं पाऊल तो स्वतः टाकतो. पाऊल टाकल्यावरही ओढतच राहिलात, तर तुम्ही त्याला शिकवलंत की चालून काही फायदा नाही. मग ते थांबतं. मग तुम्ही मारता. मग म्हणता, मारल्याशिवाय चालत नाही. त्याला न चालायला तुम्हीच शिकवलेलं असतं.

अगदी लहान शिंगराला आई पुढं चालवून मागून चालवायचं, फार तर पुठ्ठ्याभोवती एक सैल दोर घ्यायचा. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी. डाव्या बाजूनं, मग उजव्या बाजूनं. चालणं, थांबणं, वळणं, एक पाऊल मागं घेणं. जमलं की तिथंच धडा संपवायचा, ‘अजून एकदा’ करत बसायचं नाही. ज्याचा दोर चालताना झोळीसारखा खाली लोंबतो आणि तरी घोडा खांद्याला खांदा लावून येतो, तो शिकलेला. बाकीचे नुसते ओढून नेलेले.

हे सगळं परदेशी फॅड आहे असं वाटत असेल, तर तलासरीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, गोऱ्हा नांगराला कसा लावतात. तो सांगेल, जुन्या, शांत बैलाच्या जोडीला. नवा बैल जुन्याचं बघत शिकतो. वेसणीत वेदना आहेच, ते नाकारत नाही. पण शिकवायला सोबत लागते, घाई चालत नाही, हे ज्ञान इथं भातखाचरात आधीपासून आहे. घोड्यापाशी आलं की ते कुठं जातं?

थोडा दोष भाषेचाही आहे. मराठीत घोड्याची निगा राखणारा, त्याला खरारा करणारा तो मोतद्दार. आणि घोड्याला शिकवणारा? तो चाबुकस्वार. हत्यार शब्दातच आहे. माया एकाच्या वाट्याला आणि शिकवणं दुसऱ्याच्या, अशी वाटणी आपण फार पूर्वी करून टाकली. माणसाला ‘वठणीवर आणतो’, बोलणाऱ्याला ‘लगाम घालतो’, गुन्हेगाराच्या ‘मुसक्या बांधतो’. शिस्तीचा विषय निघाला की आपल्या तोंडात तबेल्यातलेच शब्द येतात, आणि तेही सगळे करकचून आवळायचे.

आता ते लाजेचं.

हे वाक्य या भागात एके काळी माणसांबद्दल बोललं जायचं. सावकार-जमीनदारांची इथली राजवट वेठीवर चालली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं आयुष्यभर राबायचे, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. कामाला नाही म्हटलं की झाडाला बांधून मार. या माराचं समर्थन काय होतं? हे लोक आळशी आहेत, यांना दुसरी भाषा कळत नाही, मारल्याशिवाय हलत नाहीत. 23 मे 1945 ला आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि यापुढं वेठ करणार नाही असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा सगळा काळ आहे, अजून वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. मागणी काय, तर 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. म्हणजे लोकांना काम करायचं होतं. मार खाऊन, फुकट करायचं नव्हतं.

गैरसमज नको. माणसाची जनावराशी बरोबरी करायला मी हे सांगत नाही. ती बरोबरी चाबूकवाल्यांनी केली होती. माझं म्हणणं एवढंच, की समोर कोणीही असो, वाक्य तेच राहतं, आणि ते नेहमी दोर ज्याच्या हातात असतो तोच बोलतो.

योगायोग असा की त्याच 1945 साली, तिथून फार लांब नसलेल्या याच बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढं 1957 मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. ‘यांना शिकायचंच नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. ताराबाईंनी उलटा प्रश्न विचारला: मुलं शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडं का जात नाही? मग बालवाडी पाड्यावर, घरापुढच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती ‘कुरणशाळा’. छडी न उगारता, दांडगाई न करता, मूल जिथं आहे तिथं जाऊन त्याच्या शेजारी उभं राहायचं. खांद्याशी उभं राहणं म्हणतात ते हेच.

अंगणवाडी आज देशभर आहे. ती कल्पना ज्या किनाऱ्यावर रुजली, त्याच किनाऱ्यावर आपण एका पोरसवद्या जनावराला दोन बाजूंनी झोडत होतो, आणि ‘शिकवतोय’ म्हणत होतो.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. “तुमचं ठीक आहे, त्यांचं पोट त्यावर आहे.” खरंय. वैरण, दाणा, नाल, औषध, सगळं महाग. शिंगरू जितक्या लवकर कामाला लागेल तितकं बरं, हा हिशेब मला कळतो. पण हिशेबच करायचा तर पुरता करू. मारून शिकवलेला घोडा माणसाला घाबरतो. भ्यायलेला घोडा एक दिवस फुगा फुटला, कुत्रं भुंकलं, डीजे वाजला की उधळतो, आणि त्या वेळी त्याच्या पाठीवर कुणाचं तरी पाच वर्षांचं मूल असतं. त्या एका दिवसात धंदा बसतो. रोजची वीस मिनिटं गरिबालाच सगळ्यात जास्त परवडतात, कारण दुसरा घोडा घेणं त्याला परवडणार नसतं.

दुसरा आक्षेप: “पण मारून शिकलेले घोडे शांत असतात की!” असतात. मान खाली, कान पडलेले, डोळे विझलेले. आपण मुलांना सांगतो, “गरीब आहे तो, काही करत नाही.” ते गरीब नसतं, खचलेलं असतं. काहीही केलं तरी मार चुकत नाही हे कळल्यावर जीव प्रयत्न सोडून देतो. त्याला शिक्षण म्हणत नाहीत.

तिसरा: “कायदा आहे ना.” आहे. काटेरी लगाम वापरायला 1965 च्या नियमांनी बंदी केली. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा त्याआधीचा, 1960 चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिलाय? 10 ते 50 रुपये. किनाऱ्यावरचं एक शहाळंही त्यात येत नाही. कायद्याची वाट बघत बसलो तर वरातीमागून घोडं.

वरात निघालीच आहे तर तिथलंही बोलू. वारली लग्नचौकात घोडा दिसतो. पंचशिऱ्या देव घोड्यासोबत येतो. ज्या चौकाशिवाय लग्न लागत नाही, त्यात घोड्याला मानाची जागा आहे. आपल्या वरातीत मात्र तो चार स्पीकरच्या भिंतीपुढं आखडून धरलेल्या लगामावर ‘नाचतो’, आणि आपण त्याचं रील करतो. ते पुष्कळदा नाचणं नसतंच. पुढं जायला जागा नाही आणि मागं आवाज आहे, म्हणून तो जागच्या जागी पाय आपटतो.

मुद्दा शेवटी आपल्यापाशी येतो, कारण घोडेवाला तेच देतो जे आपण विकत घेतो. किनाऱ्यावर मुलाला घोड्यावर बसवण्याआधी फक्त दोर बघा. सैल आहे की ताणलेला? ओठांच्या कोपऱ्यांना जखम आहे का? मोतद्दार हात वर करतो तेव्हा घोडा दचकून मान मागं घेतो का? घेत असेल तर बसू नका, आणि का बसत नाही ते मोठ्यानं, पण नीट शब्दांत सांगा. दोर सैल असेल तर दहा रुपये जास्त द्या आणि तेही कारण सांगून द्या. ज्यानं शिंगराला सहा महिने धीरानं चालवलं, त्याची ती मजुरी आहे.

त्या दिवशी बोर्डीला पुढं काय झालं? शिंगरू हललं नाही. दोघं दमले. एक जण पाणी प्यायला गेला, दुसऱ्यानं दोर खाली टाकला आणि वाळूत बसून विडी पेटवली. आमचा घोळकाही पांगला, फोन खिशात गेले. एवढ्यात घोडी फेरी संपवून परत आली आणि पाणी पाजायला तिला सुरूच्या बनाकडं नेलं. शिंगरू मान खाली करून दोन क्षण उभं राहिलं. मग तोच दोर वाळूवरून फरफटवत, कुणीही न ओढता, कुणीही न मारता, तिच्या मागोमाग चालत गेलं.

ते मात्र कुणीच शूट केलं नाही. मीसुद्धा नाही.